जीआयच्या गेटवरचा ऑइल पेंट एका पावसाळ्यात पापुद्र्यांनी का सुटतो?

तुम्ही कळवलंत ते असं: गोव्यात कोलव्याचं तुमचं नवं जीआयचं गेट, चवथीआधी घाईघाईत मारलेला रेड ऑक्साइड प्रायमर (रंगाखालचा पहिला हात), वर ऑइल पेंट, आणि दिवाळीपर्यंत सुटलेले पापुद्रे. पेंटर म्हणतो डबा डुप्लिकेट. मला तसं वाटत नाही.

कुंडईला पावडर कोटिंगच्या शेडमध्ये मी अकरा वर्षं काढली. एक पापुद्रा उलटून बघा. पाठ गुळगुळीत आणि खाली तांबडा गंज नसेल, तर रंग चांगला होता, पकड सुटली. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. ऑइल पेंटमधली तेलाची आम्लं त्या जस्ताशी मिळून साबण बनवतात, अक्षरशः जस्ताचा साबण. त्यावर रंग कसा टिकणार? आपल्याकडच्या दमट हवेत हे आणखी लवकर होतं. नेहमीचा रेड ऑक्साइडही तेलाच्याच जातीचा, लोखंडासाठी बनलेला.

पत्रा आणि रंग यांच्यामध्ये लागतो तो एच (etch) प्रायमर, काही जण वॉश प्रायमर म्हणतात. दोन भागांत येतो: एकात रेझिन, दुसऱ्यात फॉस्फोरिक आम्ल. आम्ल जस्ताला किंचित चावतं, तिथे फॉस्फेट तयार होतं आणि रेझिन त्याला धरून बसतं. कारखान्यातल्या सात टाक्यांच्या फॉस्फेटिंगचं तत्त्वही हेच; फॉस्फेटिंगचं पेटंट कॉसलेट या ब्रिटिश संशोधकाने 1906 साली घेतलं होतं. पण गेट टाकीत बुडवायचं कुठे?

हात पातळच मारा, 8-10 मायक्रॉन, खालचा पत्रा दिसला पाहिजे. 'जाड मारलं की जास्त धरेल' म्हणून मी घरच्या ग्रिलवर दोन भरगच्च हात दिले होते. नखाने सोलून निघाले. वर ॲक्रिलिक किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग चालेल. डब्यावर लिहिलं नसेल तर थेट इपॉक्सी रंग नको, उरलेलं आम्ल त्याला कडक करणाऱ्या हार्डनरला बिघडवतं.

त्याआधी जुना रंग पूर्ण काढा, साबणाने घासा आणि गोड्या पाण्याने भरपूर धुवा. रंगाखाली मीठ राहिलं तर ते ओल ओढून फोड आणतं. धुतल्यावर पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब गोळा झाले तर अजून तेलकट आहे, परत घासा. पॉलिश पेपर हलकाच फिरवा, जस्तच खरवडलंत तर गेट गेलं.

आणि पुढच्या चवथीची वाट बघू नका. डिसेंबर ते मार्चमध्ये करा, सकाळचं दव सुकल्यावर, दहानंतर.