यंत्र पाहून शेअर घेऊ नकोस

नौपाडा, ठाणे

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

परवा तलावपाळीवर तू त्या छोट्या ऑप्टिकल कंपनीचं (फायबरमधून प्रकाशाने डेटा पाठवणारी यंत्रं बनवणारीचं) नाव काढलंस आणि मी विषय बदलला. तुझ्या लक्षात आलंच असेल. ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये तिची यंत्रं तू रोज हाताळतेस, ती चांगली चालतात, म्हणून बोनसचे पैसे तिथे घालावेत असं तुला वाटतं. अगदी याच कारणासाठी मीही एकदा शेअर घेतले होते.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या फायबर रिंगची, म्हणजे एक बाजू तुटली तर दुसरीने डेटा जाईल अशा गोल जोडणीची, देखभाल तेव्हा माझ्याकडे होती. एका छोट्या कंपनीचं यंत्र आलं. वीज कमी खायचं, जागा कमी घ्यायचं, स्वस्तही होतं. मी हरखलो. पुढच्या पावसाळ्यात महापेला त्यातलं एक कार्ड गेलं आणि सुटं कार्ड यायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस डेटाची सगळी वाहतूक रिंगच्या दुसऱ्या बाजूने. त्या बाजूला कुणी जेसीबी चालवला असता तर आमची शोभाच झाली असती. पुढच्या टेंडरमध्ये साहेबांनी अट घालायला सांगितली: सुटे भाग किती वर्षं मिळणार आणि माणूस किती तासांत जागेवर येणार, हे लेखी हवं. मसुदा मीच टाइप केला. त्या अटीत ती कंपनी बसली नाही, आणि तिचे शेअर माझ्या कपाटात!

ग्राहक असं वागतो. त्याला दहा-पंधरा वर्षं सोबत करणारा विक्रेता हवा असतो. मोठ्या कंपन्यांची पकड यंत्रापेक्षा या गोष्टींवर जास्त असते.

आता खर्चाचं गणित बघ, ऑप्टिकल यंत्रं बनवणाऱ्या दोन अमेरिकन कंपन्यांचं. सिएनाची 2024 ची विक्री सुमारे 400 कोटी डॉलर आणि संशोधनावरचा खर्च 75 कोटींच्या वर. इन्फिनेराची 2023 ची विक्री 160 कोटी, संशोधन साधारण 30 कोटी. टक्केवारीत दोघी जवळपास सारख्याच, विक्रीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. पण नव्या पिढीची कोहेरंट डीएसपी चिप (प्रकाशाच्या लहरीवर डेटा चढवणारा-उतरवणारा यंत्राचा मेंदू) तुमची टक्केवारी विचारत नाही. तिचं डिझाइन, मास्क, चाचण्या यांचा खर्च एक हजार नग विका की एक लाख, तेवढाच पडतो. लहान कंपनीला तो कमी नगांवर वसूल करायचा असतो, आणि दोन-तीन वर्षांत पुढची पिढी दारात उभी. तू विचारलेली कंपनी तर इन्फिनेरापेक्षाही लहान आहे.

इन्फिनेराचं तंत्र कच्चं होतं असं कुणी म्हणणार नाही. इंडियम फॉस्फाइडच्या एका चिपवर लेझरसकट डझनावारी भाग बसवणारी ती कंपनी. 2007 मध्ये तिचा शेअर 13 डॉलरला बाजारात आला. 2025 मध्ये नोकियाने ती विकत घेतली, 6.65 डॉलर भावाने. अठरा वर्षांनी निम्मे पैसे.

उलट अकेशिया बघ. ती अमेरिकन कंपनी अशा चिपची कोहेरंट मॉड्यूल, म्हणजे यंत्रात बसवायचे तयार भाग, बनवून यंत्रं बांधणाऱ्या अनेक कंपन्यांना विकायची, त्यामुळे तोच संशोधनाचा खर्च अनेकांच्या ऑर्डरवर वाटला जायचा. 2016 ला 23 डॉलरने बाजारात आलेला शेअर सिस्कोने 2021 मध्ये 115 डॉलरने घेतला. पण मधली वर्षं सुखाची नव्हती. 2018 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने आपल्या कंपन्यांना झेडटीई या चिनी दूरसंचार कंपनीला माल विकायला बंदी घातली. झेडटीई हा अकेशियाचा मोठा ग्राहक, म्हणून एका दिवसात शेअर तिसऱ्या हिश्शाने पडला. तुझ्या कंपनीचे पहिले दोन ग्राहक विक्रीत किती टक्के आहेत, हे तू पाहिलंस का?

आपल्याकडचं उदाहरण तेजस नेटवर्क्स या दूरसंचार यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं. 2024-25 ची विक्री 8,900 कोटींच्या घरात. पुढच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत विक्री 202 कोटी आणि वर तोटा. कंपनी रातोरात बिघडली नव्हती. बीएसएनएलच्या 4जी कामाचा माल जवळपास देऊन झाला होता. बरं, विक्रीतली ती उडी मुख्यतः मोबाइल टॉवरच्या रेडिओ उपकरणांची, ऑप्टिकलची नव्हे. चढत्या आलेखावरून ऑप्टिकल धंदा वाढतोय असं समजणारे फसले.

तू म्हणशील, जून 2021 पासून विश्वासार्ह स्रोताचा नियम आहे (दूरसंचार कंपन्यांनी सरकारने मान्य केलेल्या स्रोताचाच माल घ्यायचा), चिनी माल अडतो, देशी कंपनीला वाट मोकळी. खरं आहे. पण नियमाने टेंडरमध्ये बसायला जागा मिळते, नफा मिळत नाही. सरकारी ग्राहकाचे पैसे कधी येतात हे मी वेगळं सांगायला नको. म्हणून नफ्याच्या ओळीआधी येणी, म्हणजे ग्राहकांकडून अजून यायचे पैसे, बघ. विक्रीपेक्षा येणी वेगाने वाढत असतील तर नफा कागदावरच आहे. रोख प्रवाह सलग तीन वर्षं उणे असेल तर कर्ज कुठून येतंय तेही बघ. आणि संशोधनाचा खर्च मालमत्तेत टाकून नफा फुगवलेला नाही ना, ते वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये सापडतं.

एक प्रश्न मात्र तुलाच सोडवावा लागेल, आणि तो मला ब्रोकरच्या अहवालापेक्षा महत्त्वाचा वाटतो. 400झेडआर हे कोहेरंट मॉड्यूलचं सामाईक मानक आल्यापासून बोटाएवढं मॉड्यूल थेट राउटरमध्ये बसतं. जवळपासची डेटा सेंटरं जोडायला ट्रान्सपॉन्डरची (राउटरचा सिग्नल फायबरवर चढवणाऱ्या यंत्राची) वेगळी पेटी लागेनाशी झाली आहे. तुझ्या कंपनीची कमाई पेट्यांतून आहे की मॉड्यूल, लाइन सिस्टिम (फायबरवरचा प्रकाश एकत्र करणारी आणि वाढवणारी यंत्रणा) आणि सॉफ्टवेअरमधून? पेट्यांतून असेल तर पाच वर्षांनी ती काय विकणार?

हे रॅककडे बघून कळेल. पण ऑफिसात कानावर पडलेल्या ऑर्डरच्या जोरावर खरेदी करू नकोस. जाहीर न झालेली बातमी वापरणं सेबीच्या नियमात गुन्हा आहे. माझ्या त्या मसुद्याच्या वेळी मी शेअर असल्याचं साहेबांना सांगायला हवं होतं, तेही मी सांगितलं नव्हतं.

रविवारी येताना कंपनीचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल घेऊन ये. येणी आणि ग्राहकांची टिपणं आधी वाचू, मग भाव महाग की स्वस्त ते बोलू. तोपर्यंत बोनस बँकेत राहू दे.

तुझा,
काका