ओव्हरड्राफ्ट काढून लढू नका, काका!

प्रश्न : नमस्कार ताई. वयाने लहान असाल, तरी ताईच म्हणतो. मी ६३ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. लेक जर्मनीला गेली आणि जाताना प्लेस्टेशन ५ आमच्या हॉलमध्ये ठेवून गेली. वर सांगून गेली, ‘बाबा, एल्डन रिंग खेळा, वेळ छान जाईल.’ वेळ जातोय, पण सगळा मरण्यात. व्हॅगाबाँड नावाचा शिपाई घेतलाय. बाहेर पडल्या पडल्या सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार भेटतो, त्याने मला ४१ वेळा मारलंय. वहीत नोंद आहे. बटणं मी जोरजोरात दाबतो, तरी माझा माणूस नेमका ऐनवेळी ढिम्म हलत नाही. लेव्हल वाढवायचा पर्यायही कुठे दिसत नाही. सौ. म्हणते, त्यापेक्षा टेकडीवर जाऊन या. माझं चुकतंय काय?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : काका, वहीतली नोंद वाचून आधी हसले, मग गप्प बसले. पहिल्या महिन्यात माझाही आकडा काही वेगळा नव्हता. फक्त मी लिहून ठेवला नाही, एवढंच.

त्या घोडेस्वाराचं नाव ट्री सेंटिनल. त्याला मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला? विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरून स्कूटर काढायचा हट्ट तुम्ही धरत नाही, तसाच इथेही धरू नका. बाजूच्या झाडीतून वळसा घालून समोरचं पडकं चर्च गाठा. ते चर्च ऑफ एल्ले. तिथल्या सोनेरी उजेडापाशी, म्हणजे ग्रेस नावाच्या विसाव्यापाशी, टेका. मग रस्ता धरून उत्तरेला गेटफ्रंटच्या ग्रेसपर्यंत जा. उघड्यावरचा हा तुमचा तिसरा ग्रेस. तिथे बसलात की मेलिना नावाची मुलगी येईल. लेव्हल वाढवायची सोय आणि टॉरंट नावाचा घोडा, दोन्ही तीच देते. ती भेटेपर्यंत तो पर्याय दिसतच नाही. म्हणजे ४१ लढाया तुम्ही पहिल्या दिवसाच्या अंगाने लढलात. याला चूक म्हणवत नाही मला.

आणखी एक अंदाज करते. अगदी सुरुवातीला, गुहेत, एका खड्ड्याच्या काठावर भुतासारखी आकृती बसलेली होती आणि ती खाली उडी मारायला सांगत होती. तुम्ही शहाण्या माणसासारखे बाजूने निघून आलात ना? त्या खड्ड्यात शिकवणी होती. नकाशावरून तिथे परत जाता येतं. अर्धा तास खर्च करा.

आता मुख्य मुद्दा, आणि तो तुमच्या खात्यातला आहे. पडद्यावर डावीकडे वर तीन पट्ट्या दिसतात : लाल जिवाची, निळी मंत्र-कौशल्यांची, हिरवी दमाची. नवखा माणूस लाल पट्टीकडे बघत मरतो. बघायचं हिरवीकडे. तलवार चालवली, कोलांटी मारली, ढालीवर घाव झेलला, लढाईत धावलात, की त्या हिरव्या खात्यातून पैसे जातात. गंमत अशी, की शिल्लक चिमूटभर असली तरी गेम तुम्हाला पूर्ण घाव घालू देतो आणि खातं शून्याखाली नेतो. चक्क ओव्हरड्राफ्ट! मग ते उणे भरून निघेपर्यंत कोलांटी नाही, घाव नाही, आणि समोरचा नेमका तेव्हाच हात उगारतो. तुमचा माणूस ऐनवेळी हलत नाही, त्याचं हे पहिलं कारण. तीन घाव बसतील असं वाटलं तर दोनच घाला. तिसऱ्याचा दम पळायला ठेवा. ढाल सतत वर धरून ठेवली तर दम हळू भरतो, म्हणून घाव येत नसेल तेव्हा ती खाली. हे सगळं तुम्ही खातेदारांना तीस वर्षं सांगितलं असेल.

दुसरं कारण तुमचं ते जोरजोरात दाबणं. गोल बटणावर दोन कामं आहेत : धरून ठेवलं तर धावणं, टिचकी मारली तर कोलांटी. त्यामुळे कोलांटी निघते ती बटण सोडल्यावर, दाबल्यावर नाही. भीतीने अंगठा बटणावर रुतवून बसलात तर गेमला वाटतं, काकांना धावायचंय. शिवाय एक हालचाल चालू असताना दाबलेलं पुढचं बटण गेम लक्षात ठेवतो. घाबरून दोनदा गोल दाबलंत की दुसरी कोलांटी नको तिथे, नको तेव्हा निघते, आणि घाव बरोबर तिच्या शेवटावर बसतो. माझे निम्मे मृत्यू या दुसऱ्या कोलांटीचे. एकदाच, हलकं दाबा आणि सोडा.

सराव कसा करायचा? रस्त्यावर एकटादुकटा शिपाई भेटेल. त्याच्यासमोर उभे राहा आणि दहा मिनिटं तलवार चालवायची नाही. नुसत्या कोलांट्या. कोलांटीच्या सुरुवातीला क्षणभर तुम्हाला काहीच लागत नाही, शस्त्र अंगातून आरपार गेल्यासारखं दिसतं. म्हणून मागे पळू नका, लांब भाला मागे पोचतोच. घावाच्या दिशेने, त्याच्या कुशीत शिरा. नारायण पेठेतले माझे तबल्याचे सर पहिले तीन आठवडे डग्ग्याला हात लावू देत नसत. टाळी धरायची, बस. तेव्हा राग यायचा. पुढे स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा म्हातारा काठी घेऊन उभा राहिला, तेव्हा सरांची आठवण आली. तो काठी उगारतो, तुम्ही समेचा अंदाज घेऊन कोलांटी मारता, आणि तो तसाच थांबलेला असतो. सम सरून जाते, मग काठी खाली येते. शुद्ध अतीत! त्याच्या हाताकडे पाहून उडी मारली तर मेलात. काठी खाली निघाली, की मग. मला नऊ संध्याकाळी लागल्या.

तुमच्याकडे व्हॅगाबाँड आहे हे उत्तम झालं, कारण त्याची ढाल साधा घाव पूर्ण अडवते. ढालीवर घाव झेलून लगेच आर२ (कंट्रोलरच्या उजव्या खांद्यावरचं खालचं बटण) दाबा : उलटा, जबर वार बसतो. तसे काही बसले की समोरचा गुडघ्यावर येतो, तेव्हा समोर जाऊन आर१, म्हणजे त्याच्या वरचं बटण. साठीच्या बोटांना कोलांटीपेक्षा हे जमेल असं मला वाटतं. लेकीने नाक मुरडलं तर मुरडू दे.

वजन तपासा. अंगावरचं ओझं क्षमतेच्या ७० टक्क्यांवर गेलं की कोलांटी म्हणजे पोतं आपटल्यासारखी. हातात नसलेलं, पण बाजूच्या खान्यात अडकवलेलं शस्त्रही त्यात मोजलं जातं. तो लांब परशू वापरत नसाल तर काढून ठेवा. पिशवीतल्या सामानाला वजन नाही.

लेव्हल मिळाली की सुरुवातीचे गुण व्हिगरमध्ये, म्हणजे लाल पट्टी वाढवणाऱ्या खात्यात, टाका, ताकद नंतर. तुमचा व्हिगर आत्ता १५ आहे, त्यावर जीव ५२२. २५ ला ८०० होतो, ४० ला १४५०. म्हणजे ४० पर्यंत व्याजदर फारच चांगला, पुढे उतरतो, ६० नंतर नावापुरता. आणि शत्रू मारून मिळणारे, लेव्हलसाठी खर्चायचे रून ही खिशातली रोकड समजा. मेलात की जागेवर पडते, उचलायला जाताना पुन्हा मेलात की गेली. मी एकदा साडेसात हजार रून उचलायच्या घाईत कड्यावरून सरळ खाली गेले होते. गोल्डन रून नावाच्या वस्तू मात्र मेल्यावरही तुमच्याकडेच राहतात. त्या मुदत ठेवी. मुदतीआधी मोडल्या तरी दंड नाही. लेव्हलला थोडे कमी पडले तेव्हाच फोडा.

हो, घोडा मिळाल्यावर एल्लेच्या चर्चमध्ये पुन्हा एकदा डोकवा. मोठ्या टोपीतली एक बाई घंटा देईल, सोबत तीन लांडग्यांची राख. ठराविक ठिकाणी त्यांना लढायला बोलावता येतं. त्याच चर्चमध्ये ऐरण आहे : स्मिथिंग स्टोन नावाचे १२ दगड जमवलेत तर तलवार +३, म्हणजे तीन पायऱ्या जोरकस, होते. दगड ॲगील तळ्याच्या उत्तरेकडच्या खाणीत, भिंतीत चमकतात.

एवढं झालं की घोड्यावर बसून त्या सोनेरी स्वाराकडे जा. ४२ वी नोंद कशी झाली ते मात्र कळवा. आणि सौं.चंही ऐका, सकाळी टेकडी, संध्याकाळी लिमग्रेव्ह, म्हणजे गेममधला हा पहिला मुलूख.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, तोही एल्डन रिंग खेळतो. जेवायला हाक मारली की ‘आई, हा गेम पॉज होत नाही’ म्हणतो. खरं आहे का?
— एक आई, सहकारनगर

उत्तर : मेनू उघडला तरी शत्रू थांबत नाहीत, हे खरं. पण मेनूतून गेम बंद केला तर तो आपोआप सेव्ह होतो आणि जेवून आल्यावर त्याच जागी सुरू होतो. फक्त बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूशी, चाललेली लढाई पहिल्यापासून करावी लागते. याला एक पोळी भाजण्याइतकाही वेळ लागत नाही, तेव्हा ती सबब चालवून घेऊ नका. युरोपात या गेमला १६ वर्षांवरील, तर अमेरिकेत १७ वर्षांवरील असं वर्गीकरण आहे. एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसून बघा, मग ठरवा.