लिनक्सवर इंटेलचे वायफाय दर थोड्या वेळाने तुटते, लॉगमध्ये 'मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड' येते. कार्ड बदलावे का?

कार्ड बदलू नका. आधी ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या लिनक्समधल्या प्रोग्रामला) जुने फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, उचलायला लावा. ती ओळ म्हणजे कार्डातले फर्मवेअर कोसळले आणि ड्रायव्हर ते पुन्हा सुरू करतोय. राउटरशी झगडून उपयोग नाही.

कर्नल लॉगमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदींत) 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' ही ओळ शोधा. नव्या कर्नलांत तिच्यात यूकोड फाइलचे, म्हणजे फर्मवेअरच्या फाइलचे, नाव असते, आणि नावातला शेवटचा आकडा (उदा. 59) ही तिची एपीआय आवृत्ती. ड्रायव्हर त्याला चालणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्यापासून एकेक खाली उतरत फाइल शोधतो. म्हणून:

- लिब-फर्मवेअर (/lib/firmware) फोल्डरमधल्या त्या फाइलचे नाव रूटने (प्रशासकाच्या अधिकाराने) बदला, नावाच्या शेवटी '.बंद' जोडा. पुसू नका. नव्या डिस्ट्रोंत (लिनक्सच्या वितरणांत) ती बहुधा एक्सझेड किंवा झेडएसटीडीने दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असते, तीच बदलायची.
- त्याच मालिकेची (आकड्याआधीचे नाव तेच असलेली) लहान आकड्याची फाइल तिथे आहे ना, हे आधीच पाहा.
- मशीन रीस्टार्ट करून ती लॉगची ओळ पुन्हा वाचा.

तरीही तुटत असेल तर आयडब्ल्यूएलएमव्हीएम (iwlmvm) या ड्रायव्हरच्या मॉड्यूलचा 'पॉवर स्कीम' पर्याय 2 वरून 1 करा. बॅटरी जरा जास्त जाईल, पण वीजबचतीतून उद्भवणारी गडबड असेल तर थांबते. 802.11एन (वायफायचे वेगवान मानक) बंद करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो, पण त्याने वेग पार झोपतो, तो अगदी शेवटी.

एकच अडचण: फर्मवेअरचे पॅकेज अपडेट झाले की बदललेली फाइल मूळ नावाने परत येते. तेव्हा ते पॅकेज होल्डवर ठेवा (अपडेट होऊ देऊ नका), किंवा नवी आवृत्ती आली की आधी तीच चालवून बघा.