आधी ग्रिड ठरव, लोगो नंतर

तुझं प्रदर्शनाच्या स्टॉलचं ड्रॉइंग पाहिलं. रंगसंगती उत्तम आहे, पण मांडणी त्या एकाच हॉलपुरती आहे. कंपनीचे कार्यक्रम दरवेळी वेगळ्या जागी होतात, म्हणून आधी मॉड्यूल, म्हणजे ज्याच्या पटीत सगळी ग्रिड बसेल असं एक ठरावीक माप, पक्कं कर. प्रदर्शनांत १ मीटर रुंद आणि साधारण २.५ मीटर उंच पॅनेल सर्रास वापरतात. तीच पट धरलीस तर ३ बाय ३ मीटरचा स्टॉल ६ बाय ३ करताना तेच भाग आणखी जोडले की झालं. लंडनचा क्रिस्टल पॅलेस, म्हणजे काच-लोखंडाचं प्रचंड प्रदर्शनगृह, १८५१ साली २४ फुटांच्या पटीतच उभा राहिला, आणि पुढे उतरवून दुसऱ्या जागी, सिडनहॅमला, नव्या रूपात बांधताही आला.

खरी कसोटी सांध्यांची. लोगो किंवा चेहरा दोन पॅनेलच्या फटीवर येऊ देऊ नकोस. बारीकशी फटही फोटोत उठून दिसते. सलग चित्र हवंच असेल तर कापडी ग्राफिक घे. त्याच्या कडेला सिलिकॉनची पट्टी शिवलेली असते. ती अ‍ॅल्युमिनियम फ्रेमच्या खाचेत आधी चारही कोपऱ्यांत दाबायची, मग मधल्या बाजू. एका टोकाकडून दाबत गेलं की शेवटी चुण्या पडतात. पुढच्या कार्यक्रमाला फक्त कापड बदलतं, सांगाडा तोच.

वायरिंग पॅनेलमागे, पण हात पोचेल असं. बाहेर पडायच्या वाटा आणि आगरोधक कापड यांत मात्र तडजोड अजिबात नको.

आणि हो, प्रत्येक भागावर क्रमांक टाक. पेट्या भरताना उभारणीत आधी लागणारं सामान सर्वांत वर ठेव.