मयालीला टांगायचा लाकडी पंखा

प्रश्न : घर जुनं, मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. बैठकीतली सागवानी मयाल (छपराची आडवी तुळई) उघडीच दिसते. तिला शोभेल असा लाकडी पात्यांचा, खाली दिवा असलेला पंखा घ्यायचा आहे. उन्हाळ्यात त्याच खोलीत कूलर चालतो. कोणता घ्यावा, टांगावा कसा?
(वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : कूलरचा उल्लेख केलात हे फार बरं झालं, कारण निवड त्यावरच ठरते. 'लाकडी' म्हणून विकली जाणारी बरीच पाती एमडीएफची म्हणजे दाबलेल्या भुश्शाची असतात. कूलरची ओल महिनोन्‌महिने लागली की ती फुगतात, टोकाला खाली झुकतात आणि पंखा डोलायला लागतो. म्हणून लाकडाच्या रंगाची एबीएस प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची पाती घ्या. जमिनीवरून फरक कळत नाही.

खोली दहा बाय दहाची असेल तर 1200 मिमीचा पंखा, बारा बाय चौदाची असेल तर 1400 मिमीचा. शोभेच्या पंख्यांची हवा अनेकदा कमी असते, तेव्हा खोक्यावरचा एअर डिलिव्हरीचा आकडा वाचा. 1200 मिमीला तो मिनिटाला 210 घनमीटरच्या खाली नको. बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेली डीसी मोटर 30 वॅटच्या आसपास घेते, साधी 75 घेते. दिवसाला पंधरा तास धरले तर महिन्याला वीस युनिट वाचतात. शिवाय संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी बीएलडीसीचा वेग सहसा टिकतो. मात्र तिच्यात सर्किट असतं, वीज कडाडायला लागली की एमसीबी पाडा. दिवा होल्डरमध्ये बल्ब बसणारा बघा. आतच बसवलेली एलईडीची चकती गेली तर तिचा जोड तालुक्याला मिळेलच असं नाही.

आता टांगणं. दिव्याचा पंखा सहा ते दहा किलोपर्यंत भरतो. मयालीत नुसता आट्यांचा हुक पिळून बसवू नका. पंख्याच्या थरथरीने तो सैल होत जातो, आणि आतून उधई लागलेली असेल तर वरून कळतही नाही. आधी स्क्रूड्रायव्हरची मूठ मयालीवर ठोकून बघा. पोकळ, भद्द आवाज आला तर ती जागा सोडा. मग वेल्डिंगवाल्याकडून 40 बाय 5 मिमीच्या लोखंडी पट्टीचा पाळणा करून घ्या: मयालीच्या वरून उलट्या 'यू'सारखी पट्टी, दोन्ही टोकं खाली उतरलेली, त्यांना 10 मिमीच्या बोल्टांनी जोडलेली आडवी पट्टी. तिच्यातून 12 मिमी साध्या गोल सळईचा हुक काढून वरून डबल नट आवळा. नटांसाठी मयालीखाली दीड इंच फट ठेवा. लाकडाला एकही भोक पडत नाही. पंखा चढवण्याआधी हुकाला सिमेंटचं 50 किलोचं पोतं रात्रभर टांगून ठेवा. शॅकलचा (दांडीच्या वरच्या टोकाला, हुकात अडकणाऱ्या 'यू' कडीचा) रबरी रीळ, नट-बोल्ट आणि कॉटर पिन बसली की पिनेची दोन्ही टोकं फाकवायला विसरू नका.

दांडी मोजूनच घ्या. पाती जमिनीपासून आठ फुटांवर असावीत. दिवा त्याखाली फूटभर येतो, म्हणजे डोक्यावर सात फूट मोकळे राहतात. मयाल साडेदहा फुटांवर असेल तर दोन फुटी दांडी पुरते, उरलेले इंच हुक आणि शॅकल खातात. उतरत्या छपरापासून पात्याचं टोक दीड फूट तरी लांब हवं. आणि वानरांनी सरकवलेलं कवेलू पावसाआधी नीट करा. तिथून ठिबकणारं पाणी दांडीवरून ओघळत थेट वरच्या वाटीत, वायरच्या जोडावर जातं.

प्रश्न : पंख्याचा दिवा बटण बंद केल्यावरही मिणमिणतो. रेग्युलेटर कमी केला की लुकलुकतो.
(वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत. लुकलुकण्याचं कारण म्हणजे पंखा आणि दिवा एकाच वायरवर, रेग्युलेटरच्या पुढे जोडलेत. बोर्डापासून दिव्यासाठी वेगळी फेज वायर ओढा, 1 चौरस मिमी तांब्याची. पंख्याची फेज, दिव्याची फेज, न्यूट्रल, अर्थ अशा चार वायरी होतात. रिमोटच्या पंख्याला रेग्युलेटर ठेवूच नका, त्याला सरळ सप्लाय द्या.

मिणमिणणं जास्त गंभीर आहे. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असेल तर बंद बटणातही दिव्यापर्यंत फेज पोचलेली असते. बल्ब बदलताना शॉक बसतो तो असाच. बटण बंद ठेवून होल्डरच्या पिनांना टेस्टर लावा. पेटला तर मेन बंद करून वायरमनकडून बोर्डातली जोडणी पालटून घ्या. न पेटल्यास बटणातला लाल इंडिकेटर काढून बघा, त्याच्यातून जाणारा किंचित करंटही एलईडीला पुरतो. अर्थिंगही तपासून घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते, तेव्हा आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतत चला.

प्रश्न : वेचणीनंतर कापूस बैठकीतच भरतो. तेव्हा पंखा, दिवा चालवला तर चालेल का?
(वाचक, ता. वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही. गंजी पंख्याजवळ पोचते, पोरं तिच्यावर चढतात आणि पाती त्यांच्या हाताशी येतात. कापसाचे तंतू मोटरच्या फटीत आणि होल्डरमध्ये अडकतात, सैल जोडाची एक ठिणगी त्यांना पुरते. त्या खोलीचा एमसीबीच पाडून ठेवा. कापूस गेल्यावर पंखा सुरू करण्याआधी वरची वाटी खाली सरकवा आणि आत साचलेले तंतू कोरड्या ब्रशने काढा.