दुकानदाराच्या ‘उद्या देतो’ने मुदत वाढत नाही

प्रश्न : मी सांगलीत घरून छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते आणि त्यांची जीएसटी विवरणपत्रं भरते. लॅपटॉप फार हळू चालायला लागला म्हणून पुण्यातल्या एका दुकानात एसएसडी बसवून विंडोज नव्याने टाकायला दिला. एकूण ४,२०० रुपये यूपीआयने दिले, बिल मिळालं नाही. २१ फेब्रुवारी २०२४ ला लॅपटॉप हातात आला तेव्हा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा असलेला डी ड्राइव्हच नव्हता. जुनी हार्ड डिस्क ‘दुकानातच आहे, उद्या देतो’ असं दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर सांगत राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘फॉरमॅट करताना डेटा उडाला, डिस्क खराब होती, टाकून दिली’ असं कळवून त्याने माझा नंबर ब्लॉक केला. लॅपटॉप देताना दुकानाने दिलेल्या चिठ्ठीवर ‘डेटाच्या नुकसानीस दुकान जबाबदार नाही’ असं छापलेलं आहे. मला पाच लाखांची भरपाई मागायची आहे. मग केस उभी राहील का? पोलिसांत जाऊ का? विंडोज १० आता बंद झालंय, तर नवीन विंडोज टाकून घेऊ का?

उत्तर : ताई, तुमचं सगळं लक्ष त्या छापील ओळीवर खिळलं आहे आणि खरा धोका वेगळीकडेच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमच्या बाबतीत कारण घडलं २१ फेब्रुवारी २०२४ ला, कारण त्याच दिवशी लॅपटॉप परत मिळाला आणि डेटा व डिस्क दोन्ही नाहीत हे तुम्हाला कळलं. म्हणजे २१ फेब्रुवारी २०२६ ही तुमची शेवटची तारीख, आणि त्या दिवशी शनिवार आहे. आज जानेवारी अर्धा सरला आहे.

‘नोव्हेंबरमध्ये त्याने हात वर केले, तेव्हापासून दोन वर्षं धरायची ना?’ असं तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात. नाही, तसं धरायचं नाही. दुरुस्तीच्या प्रकरणांत ही गल्लत मला वारंवार दिसते. दुकानदार गोड बोलत असतो, ग्राहकाला वाटतं बोलणी चालू आहेत, आणि कायद्याचं घड्याळ चालूच असतं. नुसत्या पत्रव्यवहाराने किंवा नोटिशीने मुदत वाढत नाही हे न्यायालयांनी अनेकदा स्पष्ट केलं आहे. शिवाय मुदतीचा मुद्दा समोरच्याने काढला नाही तरी ग्राहक आयोगाने तो स्वतः तपासलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अ‍ॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या प्रकरणात सांगितलं. तो निकाल जुन्या ग्राहक कायद्याच्या कलम २४-अ वर आहे, पण आजचं कलम ६९ त्याच धर्तीवर आहे.

उशीर माफ करून घेण्याची सोय कायद्यात आहे. पुरेसं कारण दाखवलं तर आयोग कारणं नोंदवून उशीर माफ करू शकतो. पण ‘तो उद्या देतो म्हणत होता’ हे पुरेसं कारण मानलं जाईल यावर मी माझ्या अशिलाला विसंबू देणार नाही. कोविडच्या काळात मुदतीत मिळालेली सूटही तुमच्या उपयोगाची नाही. ती १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ एवढ्याच कालावधीपुरती होती आणि तुमचं प्रकरण त्यानंतरचं आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण अजूनही लोक तिचा आधार सांगत येतात.

तेव्हा जानेवारी संपण्याआधी तक्रार दाखल करा. त्याआधी वकिलाची नोटीस द्यायलाच हवी, असं बंधन नाही. द्यायची तर स्पीड पोस्टाने आजच द्या, पण तिच्या उत्तराची वाट पाहत पंधरा दिवस घालवू नका. पुण्याला हेलपाटे मारायचीही गरज नाही. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुम्ही सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जा किंवा ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करा. मोबदला, म्हणजे तुम्ही दुकानाला दिलेले पैसे, पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. एवढं सोपं असताना जवळजवळ दोन वर्षं तुम्ही त्या माणसाच्या ‘उद्या’वर काढली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२४ च्या मार्चमध्ये लिहिलं असतंत तर ती डिस्क बहुधा दुकानातच सापडली असती.

आता त्या चिठ्ठीकडे येतो. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. खाली छापील ओळ आहे ती आहेच. पण वर कामाच्या रकान्यात दुकानदाराच्याच अक्षरात लिहिलंय : ‘५१२ एसएसडी + विंडोज. जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून देणे.’ म्हणजे जुनी डिस्क बाहेरून जोडता येईल अशा डबीत घालून परत द्यायची. तुमच्या पत्रात या ओळीचा उल्लेखच नाही! तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद हाच आहे.

कारण काम काय होतं ते पाहा. नवी एसएसडी बसवायची आणि तिच्यावर विंडोज टाकायचं. त्यात जुनी डिस्क स्क्रू काढून बाहेर घ्यायची आणि बाजूला ठेवायची, एवढाच तिचा संबंध. फॉरमॅट होते ती नवी एसएसडी. मग ‘फॉरमॅट करताना डेटा उडाला’ म्हणजे नेमकी कुठली डिस्क फॉरमॅट केली आणि कशासाठी? उलटतपासणीची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच असेल. हार्ड डिस्कवर साधं झटपट फॉरमॅट केलं तरी फाइलींची यादी जाते, मजकूर लगेच पुसला जात नाही आणि पुष्कळदा तो परत काढता येतो. म्हणून ती डिस्क टाकून देणं हे डेटा उडण्यापेक्षाही गंभीर आहे, कारण परत मिळवण्याची वाटच त्याने बंद केली.

कायद्याच्या भाषेत तुम्ही ती डिस्क त्याच्या ताब्यात विशिष्ट कामासाठी सोपवली होती. भारतीय करार कायद्याचं कलम १५१ अशा माणसावर वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी टाकतं, कलम १६० प्रमाणे काम संपल्यावर वस्तू न मागता परत करायची असते आणि कलम १६१ प्रमाणे ती वेळेत परत केली नाही तर नंतरच्या नुकसानीला तोच जबाबदार राहतो. पैसे थकले असते तर कलम १७० खाली वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क त्याला होता. तुम्ही पैसे चुकते केले आहेत, त्यामुळे तोही प्रश्न उरत नाही. छापील ओळ फार तर काम करताना डेटा गेला तर लागू पडेल, आणि तिथेही ती कितपत टिकेल यावर वाद होऊ शकतो. वस्तूच परत न करण्याला ती ओळ संरक्षण देते, असं मला वाटत नाही. तक्रारीत ‘डेटा गेला’ हे दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिल्या क्रमांकावर ‘सोपवलेली डिस्क परत केली नाही’ हे ठेवा.

बिल नाही म्हणून घाबरू नका. वस्तू विकून किंवा सेवा देऊन बिल न देणं ही ग्राहक कायद्याच्या कलम २(४७) खाली स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे, तीही तक्रारीत मांडा. मोबदला दिल्याचा पुरावा म्हणून बँकेचं स्टेटमेंट जोडा. यूपीआयच्या पावतीवर खातेदाराचं नाव असतं, त्यावरून दुकानाचा मालक कोण हे ठरवा आणि त्याच्या नावासकट दुकानाला विरुद्ध पक्ष करा.

एक हरकत नक्की येईल : लॅपटॉप व्यवसायासाठी होता, मग तुम्ही ग्राहकच नाही. कायद्यात ‘व्यापारी हेतू’ वगळलेला आहे खरा. पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी विकत घेऊन स्वतः वापरलेली वस्तू त्या हेतूत धरत नाहीत. हे स्पष्टीकरण २०१९ च्या कायद्यात वस्तूंबद्दल आहे, सेवांचा उल्लेख त्यात नाही. म्हणून एसएसडीही त्याच दुकानातून विकत घेतली हे ठळकपणे लिहा. आपण एकट्या काम करता, नोकर नाही, घर यावर चालतं, हेही तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. आयोग काय म्हणेल ते खात्रीने सांगता येणार नाही.

भरपाईच्या आकड्याबद्दल मी हात राखून बोलतो. तुम्ही पाच लाख लिहिलेत. ते कशाचे, याचा हिशेब पत्रात नाही आणि नुसत्या मनस्तापावर एवढी रक्कम मिळणं अवघड आहे. किती नोंदी पुन्हा कराव्या लागल्या, कुणाला पैसे परत द्यावे लागले, कुठलं काम हातचं गेलं, हे कागदावर दाखवा. करार कायद्याचं कलम ७३ असंही सांगतं की नुकसान कमी करायचे जे मार्ग हाताशी होते ते विचारात घेतले जातील. जीएसटीची भरलेली विवरणपत्रं आणि २बी (खरेदीवरच्या कराचा तपशील) पोर्टलवरून उतरवून घेता येतात, बँकांची स्टेटमेंट मिळतात. ते केलंत का? केलं असेल तर त्यात गेलेला वेळ आणि खर्च मागा. केलं नसेल तर दुकानदाराचा वकील हेच विचारणार. आणि दुसऱ्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या माणसाने दुसरी प्रत न ठेवता लॅपटॉप दुकानात द्यावा, हे मला अजिबात पटलेलं नाही. आयोगालाही पटणार नाही, भरपाई ठरवताना त्याची झळ लागू शकते.

पोलिसांबद्दल. घटना १ जुलै २०२४ ला नवा फौजदारी कायदा लागू होण्याच्या आधीची आहे, त्यामुळे विश्वासघाताचा विचार जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०६ खाली होईल. त्यात अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो आणि ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं उत्तर मिळण्याचीच शक्यता जास्त. तरीही लेखी अर्ज देऊन पोच घ्या. त्या डिस्कवर तुमच्या अशिलांचे पॅन, आधार, बँक तपशील होते. ते कुणाच्या हाती गेले हे आज कुणालाच माहीत नाही, आणि उद्या गैरवापर झाला तर हा अर्ज तुमच्या बाजूने उभा राहील. ब्राउझरमध्ये साठवलेले पोर्टलचे पासवर्ड अजून बदलले नसतील तर हे पत्र बाजूला ठेवून आधी ते बदला. अशिलांनाही कळवा, लाज वाटली तरी कळवा. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातला डेटा नष्ट केला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली निवाडा अधिकाऱ्याकडे भरपाई मागण्याची वाट आहे, पण तिथे मालकाच्या ‘परवानगीशिवाय’ या शब्दावर वाद होईल, कारण लॅपटॉप तुम्हीच दिला होता. दिवाणी न्यायालयात सोपवलेली वस्तू परत मागण्याची मुदत मागणी नाकारल्यापासून तीन वर्षं असते. पण ४,२०० रुपयांच्या कामापायी त्या भिजत घोंगड्यात मी तुम्हाला ढकलणार नाही.

ग्राहक आयोगही वेगाने चालतो असं नाही. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, असं ग्राहक कायद्याचं कलम ३८ म्हणतं. प्रत्यक्षात रिकाम्या जागा आणि तारखांवर तारखा यांमुळे वर्षं जातात आणि लोक कंटाळून सोडून देतात, याचा मला संताप येतो. एक गोष्ट मात्र घट्ट आहे : विरुद्ध पक्षाला लेखी जबाबासाठी तीस आणि वाढवून पंधरा, असे पंचेचाळीसच दिवस मिळतात. त्यापुढे आयोगही मुदत देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलं आहे. सेहेचाळिसाव्या दिवशी जबाब आला तर लगेच हरकत घ्या.

शेवटचा तुमचा प्रश्न नव्या विंडोजचा. आता लगेच टाकू नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण आजच्या विंडोजमध्ये तुमचा पुरावा आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सिस्टिमइन्फो’ (systeminfo) ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. विंडोज पहिल्यांदा कधी टाकलं ती तारीख दिसेल. मोठी अपग्रेड झाली किंवा पुन्हा विंडोज टाकलं की ती बदलते. मधल्या काळात तशी अपग्रेड झाली नसेल तर लॅपटॉप दुकानात होता त्याच दिवसांतली तारीख दिसायला हवी. त्या पडद्याचा आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये एकटी एसएसडी दिसते त्याचा फोटो घ्या, मागचं झाकण उघडून जुन्या डिस्कची रिकामी जागाही टिपा. व्हॉट्सअ‍ॅपचं पूर्ण संभाषण एक्सपोर्ट करा, त्याचे आवाजी निरोप वेगळे जतन करा आणि तो फोन विकू नका. आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेला नाही, तरी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

आणि दुकानदाराने टाकलेलं विंडोज अस्सल आहे का तेही पाहा. तुमचा लॅपटॉप विंडोज १० होमसह आला होता, म्हणजे परवान्याची किल्ली मदरबोर्डमध्येच असणार. नव्या एसएसडीवर तीच आवृत्ती टाकली की इंटरनेटला जोडल्यावर ती आपोआप सक्रिय होते. तुम्ही म्हणता पडद्यावर ‘प्रो’ दिसतं, म्हणजे आवृत्ती वेगळीच आहे. ते पायरेटेड निघालं तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-ब जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही लागतं, आणि धंद्यासाठी वापर असेल तर शिक्षा किमान सात दिवसांच्या कैदेपासून सुरू होते. आजवर तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणता येईल. खात्री झाल्यावर वापरत राहिलात तर तसं म्हणता येणार नाही. म्हणून तोवर अशिलांचं काम दुसऱ्या संगणकावर करा, पुरावे टिपून तक्रार दाखल करा, तिचा क्रमांक हातात आला की अस्सल विंडोज टाकून घ्या. त्याचं बिल मात्र मागून घ्या.