घंटागाडी आली की

पत्र : मावशी, नवऱ्याला जाऊन चौदा महिने झाले. सोसायटीच्या महिला दिनाला 'आईची ताकद' या विषयावर मी बहिणाबाईंची 'मनगटी करतूत'वाली कविता म्हणावी, असा सगळ्यांचा आग्रह आहे. मला ते ढोंग वाटतं. बहिणाबाई तीन मुलं पदरी घेऊन उभ्या राहिल्या. मला एका मुलीचं करताना धाप लागते. तिच्यासमोर मी कधी रडत नाही. ती झोपली की दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर काहीबाही लिहिते, फाडते, कचऱ्यात टाकते, मग झोप लागते. मुलगी अकरा वर्षांची आहे, फार गुणी. बाबांचं नावही काढत नाही. हल्ली घंटागाडी आली की कचरासुद्धा तीच खाली नेते. कार्यक्रमाला नाही म्हणून टाकू का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : कार्यक्रमाचं राहू दे बाजूला. मला त्या कचऱ्याच्या बादलीचं सांग.

अकरा वर्षांची पोर. सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की, कुणी न सांगता, अंथरुणातून उठून बादली घेऊन जिना उतरते? मी दोन मुलं आणि तीन नातवंडं वाढवलीत. त्या वयात स्वतःचं ताट मोरीत ठेवायला तीन हाका माराव्या लागतात. तू त्याला गुणी म्हणालीस. मी नाही म्हणणार. ओल्या बादलीत चहाचा चोथा असतो, सुक्या बादलीत तुझी पानं. ती जिन्याच्या वळणावर थांबत असणार. तिच्या कंपासपेटीत, नाहीतर भूगोलाच्या पुस्तकात, चिकटपट्टीने जोडलेलं एक तरी पान असणार. माझा अंदाज चुकला तर कळव. पण शोधायला जाऊ नकोस, दप्तर तिचं आहे.

म्हणजे बघ, तू तिच्यासमोर रडत नाहीस आणि ती तुझ्यासमोर बापाचं नाव काढत नाही. दोघी एकमेकींना जपताय, आणि ज्या माणसासाठी हे सगळं चाललंय त्याचं नाव घ्यायला त्या घरात कुणी उरलेलं नाही. राग येतो गं मला. तुझाच येतो.

आता बहिणाबाई. तू बरोबरी करतेस ती फलकावरच्या बहिणाबाईंशी. मंडळांना त्या कवितेतलं एकच कडवं पाठ असतं, 'जरी फुटल्या बांगड्या, मनगटी करतूत'. छापायला बरं पडतं. त्याच कवितेत आधी काय आहे? 'रडू नको माझ्या जीवा, तुले रड्याची रे सव'. सव म्हणजे सवय, तुला खानदेशात राहून मी काय सांगू! तिशीत नवरा गेलेली बाई स्वतःच्या जिवाला सांगतेय, बाबा रे, तुला रडायची सवयच लागलीय. डोळे कोरडे असलेली बाई हे कशाला म्हणेल? पुढे म्हणते, 'रडू हासव रे जरा'. रडू गीळ असं तिने कुठेही म्हटलेलं नाही. शेवटी 'नका करू माझी कीव' म्हणून गप्प करते ती आयाबायांना. पोरांना नव्हे.

(आयाबायांवरून आठवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. तुमच्या सोसायटीने यंदा जानेवारीत तुला हळदीकुंकवाला बोलावलं होतं का? नसेल, तर मार्चमध्ये तुझ्या ताकदीचं एवढं कौतुक कशाला?)

आणि ती गाणी आपल्यापर्यंत आली कशी, हा विचार केलास कधी? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या म्हणत राहिल्या. घरातल्या लेकराने ऐकलं. त्या लेकराने, सोपानदेवांनी, ती कागदावर उतरवली. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या, आणि १९५२मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. आईने तोंड मिटून ताकद दाखवली असती तर मुलाने काय उतरवून घेतलं असतं? तुझ्याही घरात जपून ठेवणारं माणूस आहे. तू त्याला कचऱ्यातून वेचायला लावतेस, एवढाच फरक.

तेव्हा आज रात्री पान फाडायचं नाही. जेवणं झाली की तिच्याशेजारी बस, ती जागी असताना, आणि लिहिलेलं मोठ्याने वाच. यमक जुळत नसेल, नको जुळू दे. आवाज फुटेल. फुटला की पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळू नकोस, तिथेच बस. वाचताना त्याचं नाव घे. 'तुझे बाबा' नको, तू त्याला ज्या नावाने हाक मारायचीस ते नाव. ती रडली तर 'गप, गप' म्हणू नकोस. नाही रडली तरी काही म्हणू नकोस.

कार्यक्रमाला जायचं की नाही ते त्यानंतर तुम्ही दोघी ठरवा. गेलीस तर अख्खी कविता म्हण, 'रड्याची रे सव'सकट, सूत्रसंचालिका घड्याळ दाखवत असली तरी.

उद्या सकाळी घंटागाडी आली की बादली घेऊन तू उतर. आणि दुधाच्या हिशेबाला दुसरी वही आण.